पालथ्या हाताने पाहणाऱ्या बाई

बाईंच्या घरात मला पहिल्यांदा भीती वाटली ती एका रिकाम्या खुर्चीपाशी. रत्नागिरीच्या महाविद्यालयात मराठी शिकवण्याची नेमणूक मिळाली होती, आणि शहराच्या नाचणे भागात कोणा निवृत्त बाईंची वरची खोली भाड्याने मिळेल असे कळल्यावरून मी ती पाहायला गेले होते. बाईंनी मला गादीच्या खुर्चीवर बसवले आणि किल्ली आणायला त्या आत गेल्या. खिडकीबाहेर कलमांना मोहोर आला होता. त्याच्या आंबूसगोड वासाने ओढल्यासारखी मी उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाई परत आल्या, पण माझ्याकडे न पाहता त्या रिकाम्या खुर्चीवर वाकल्या. मुलाच्या कपाळाला टेकवावी तशी हाताची पालथी बाजू त्यांनी गादीला हलकेच टेकवली आणि म्हणाल्या, "उठून दोनेक मिनिटं झाली तुला. पण तू अजून इथेच आहेस हो."

माझ्या मानेवर शहारा आला. माणूस निघून गेल्यावरही त्याचे काहीतरी मागे बसून राहते, ही कल्पना मी कवितेत कितीदा वाचली आणि शिकवली होती. पण दुपारच्या लख्ख उजेडात, हाताने तपासून, ती कोणी मला सांगितली नव्हती. मी खोली घेतली.

बाईंनी शाळेत कधी शिकवले नव्हते. तरी आळीत सगळे त्यांना 'बाई'च म्हणत, कारण त्या समोरच्याला दोन वाक्यांत विद्यार्थी करून टाकत. त्यांचे सारे आयुष्य दूरच्या एका संशोधनसंस्थेत, उष्णता पाहणाऱ्या दुर्बिणींच्या सहवासात गेले होते. अशी दुर्बीण अवकाशातच ठेवावी लागते. जमिनीवर आपलीच हवा, आपलीच ऊब तिच्या डोळ्यांवर येते. शिवाय तिला स्वतःला भयंकर थंड राहावे लागते. त्या थंड ठेवण्याच्या कामात बाईंची उमेदीची वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतर त्या वडिलांनी बांधलेल्या या चार खोल्यांच्या घरात एकट्या येऊन राहिल्या. "स्वतः तापलेल्याला दुसऱ्याची ऊब कळत नाही," हे त्यांचे आवडते वाक्य. मी परीक्षेच्या पेपरांवरून चिडचिड करत घरी आले की ते वाक्य मला उद्देशून असे.

मला त्यांनी हे सारे अंगणाच्या कडेला, जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्यापाशी समजावले. सूर्य नुकताच बुडालेला. "डोळे मिट. हात धर समोर. चिरा कुठे आणि फाटक कुठे, सांग." दिवसभर ऊन प्यालेल्या चिऱ्यांतून एक संथ, कोरडी ऊब तळहातावर येत होती. लोखंडी फाटकाशी ती एकदम तुटत होती. मी सांगितले. "बघ, उजेड नसताना गडगा दिसला तुला. धूमकेतूही असाच बघायचा. तो कोळशाहून काळा असतो गो. उजेडात तो फसवतो. बारका असून मोठा दिसेल, मोठा असून बारका. पण ऊन खाल्लेली वस्तू आपली ऊब लपवू शकत नाही."

आणि मग, चालता चालता, "तुमच्या कवितेतला चंद्र मात्र शीतल! दुपारी त्याच्यावर पाणी ठेव, उकळेल."

त्यांच्या सवयी एकेक करून मला कळत गेल्या. धूमकेतूंचे काम त्या सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात करत, बँकेत जावे तशा, केस विंचरून, टेबलाशी ताठ बसून. अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेली चित्रे त्यांच्या जुन्या गटाकडून संगणकावर येत. आकाशाच्या एकाच तुकड्याची लागोपाठ घेतलेली दहा-बारा चित्रे त्या एकापाठोपाठ एक झपझप उलटत. तारे जागच्या जागी राहत. एखादा राखाडी डाग मात्र मुंगीसारखा सरकत जाई. त्या डागाची ऊब त्या मोजत. धुळीची किती, वायूची किती, हे वजा करत करत आतल्या गाभ्यापर्यंत जात. बोलायचे नाही, पंखा लावायचा नाही. ऐन मेमध्येही, घाम हनुवटीवरून ठिबकत असताना, त्या मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके घालून बसत. मी एकदा विचारले तर म्हणाल्या, "उपकरण झाकून ठेवावं."

दुसरे आवडते वाक्य होते, "आधी मोज, मग घाबर." वीज कडाडली की त्या आकडे मोजत. कुत्रा भुंकत अंगावर आला तर त्याचे अंतर मोजत. मी जन्माची भित्री. मला ते वाक्य एखाद्या ताईतासारखे वाटे.

मासेवाली आठवड्यातून दोनदा मिरकरवाड्याहून पाटी घेऊन येई. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. बाई पायरीवर बसून प्रत्येक बांगड्याच्या कल्ल्याला उलटी बोटे लावत. "हा काल बर्फात होता. हा परवापासून. हा आजचा."

"अगो बाय, मासं खायाचं हायत तुला, का त्येंचा ताप बघायचाय?" मासेवाली ओरडे. "डाक्तरीण होतीस तर माझ्या घोवाला बघितलं असतंस!"

"तुझा नवरा ताजा नाही, हे हात न लावता सांगते."

दोघी पोट धरून हसत. मासेवालीला बाईंच्या कामाची धास्तीही होती. "ता शेंडेनक्षत्र बघतंस तू दिवसाढवळ्या. आमची आय सांगायची, ता दिसला का कायतरी इपरीत घडताच."

"इपरीत त्याचं घडतं," बाई म्हणत. "हजारो वर्षं थंडीत सुखानं पडलेला असतो बिचारा. सूर्यापाशी आला की जीव वितळायला लागतो त्याचा. घाबरायचं तर त्यानं घाबरावं."

त्या वर्षी बाईंचा जीव एका धूमकेतूत अडकला होता. त्याला आकड्यांचे आणि अक्षरांचे लांबलचक नाव होते. बाई त्याला 'काळू' म्हणत, दारातल्या कुत्र्याला म्हणावे तसे. उजेडात पाहणाऱ्यांनी तो लहानसा ठरवला होता. बाईंनी त्याची ऊब मोजली आणि सांगितले की तो आपल्या घरापासून भाट्याच्या पुलापर्यंत, म्हणजे पाचेक किलोमीटर, पसरेल एवढा आहे. त्यांचे म्हणणे मान्य झाले त्या दिवशी त्यांनी मला बोलावून खांडवी खायला घातली. काळू आता सूर्याकडे निघाला होता. तो वळसा घालून सुखरूप परतेल की फुटेल, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

आणि नेमके तेव्हाच पाहणे बंद होणार होते. उष्णता पाहणारी ही दुर्बीण सूर्याच्या दिशेने तोंड करू शकत नाही; केले तर तिचाच डोळा जाईल. धूमकेतूवर जेव्हा सर्वांत कठीण प्रसंग ओढवतो, तेव्हा ती पाठ फिरवून असते. "सहा आठवडे," बाई म्हणाल्या. "सहा आठवडे काही कळायचं नाही." त्यांचा आवाज मला नवा वाटला. मोजता न येणे, याहून मोठी भीती त्यांना नव्हती.

त्या सहा आठवड्यांतल्या तिसऱ्या किंवा चौथ्या रविवारी मी खाली चहाला गेले. बाई ओट्याशी उभ्या राहून बोलत होत्या, धूमकेतूच्या शेपटीतली धूळ किती बारीक असते ते सांगत होत्या. चहाला उकळी आली. सांडशी भिंतीवर टांगलेली होती. बोलता बोलताच त्यांनी पातेले उजव्या हाताने, उघड्या बोटांनी, काठाला धरून उचलले. कपांत चहा ओतला. पातेले परत ठेवले. वाक्य पूर्ण केले.

आले आणि गवती चहाच्या वासातून दुसरा एक वास वर आला, केस जळल्यासारखा.

"बाई, हात."

त्यांनी हाताकडे पाहिले. करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट पांढुरके, फुगलेले. त्यांच्या चेहऱ्यावर वेदनेची रेघही नव्हती. कोणाची तरी वस्तू चुकून आपल्या हाती आल्यासारखे त्या आपली बोटे पाहत राहिल्या.

"टेबलाच्या खणात मलम आहे," त्या शांतपणे म्हणाल्या.

खणात मलमाशेजारी एक लांबट वही होती. ती मी उघडायला नको होती. प्रत्येक पानावर हाताची बाह्यरेषा, आलेखाच्या कागदावर काढावी तशी बारीक चौकटींत विभागलेली. वर तारीख. प्रत्येक चौकटीत एक खूण. खाली नीटस अक्षरात लिहिलेले, 'ऊन पाण्याची वाटी, गार पाण्याची वाटी, प्रत्येकी पाच वेळा.' ज्या चौकटींना ऊन-गार कळले नव्हते त्या पेन्सिलीने भरल्या होत्या. पहिल्या पानावर करंगळीच्या टोकाशी एकच भरलेली चौकट. मी पाने उलटत गेले. पेन्सिलीचा काळिमा करंगळीवरून उतरला, तळव्याच्या कडेने मनगटाकडे सरकला, मग अनामिकेवर चढला. पाने झपझप उलटली की बाईंच्या पडद्यावरच्या डागासारखा तो चालत होता. नऊ महिन्यांच्या नोंदी होत्या. एकही दिवस चुकलेला नव्हता.

"मृत बिंदू," मागून आवाज आला. बाई दारात उभ्या होत्या. "कुठल्याही डिटेक्टरवर काही बिंदू मरतात. त्यांची यादी ठेवायची आणि मोजताना ते वगळायचे. उपकरण जुनं झालंय, बाकी काही नाही."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"नोंदी पुऱ्या होऊ देत."

"कशासाठी पुऱ्या?"

त्यांनी वही माझ्या हातून घेतली आणि खण बंद केला. 'आधी मोज, मग घाबर' या वाक्याचा खरा उपयोग मला त्या क्षणी कळला. मोजणे संपू दिले नाही, की घाबरण्याची पाळी येत नाही.

वहीत कुठेही नसलेला, आजाराचा शब्द मला मासेवालीने सांगितला. पुढच्या खेपेला बाईंनी बर्फात कडक झालेल्या सौंदाळा माशाला बोटे लावली आणि "आजचा" म्हणाल्या. मासेवाली हसली नाही. पाटी उचलून ती फाटकापर्यंत गेली आणि तिथून मला बोलावले. बाई आत गेल्याची खात्री करून ती हलक्या आवाजात म्हणाली, "बायच्या हाताला समजत नाय गो. आणि ता कोपराच्या खाली फिकट चट्टा हाय, मी बघितलाय, बाही वर सरकली तवा. माझ्या चुलत्याला असांच झालावता. रगतपिती."

रक्तपिती म्हणजे कुष्ठरोग. मी एक पाऊल मागे सरले. तिने ते पाहिले.

"भियाचा काय त्यात? आता गोळ्या मिळतात सरकारी दवाखान्यात. माझा चुलता घाबरून बसला, तवर बोटां आकसली त्येची, जाळां विणायचा हात गेला. तिला घेऊन जा. तू नाय नेलंस तर मी पाटी ठेवून नेईन."

मी नेईन म्हणाले. आणि पंधरा दिवस काहीच केले नाही.

त्या पंधरा दिवसांविषयी लिहिताना आजही माझी बोटे गार पडतात. मी वाचले. आजार बरा होतो, तो लागण्यासाठी दीर्घ सहवास लागतो, औषध सुरू झाले की तो पसरायचा थांबतो, हे सारे स्वच्छ शब्दांत लिहिलेले होते, आणि माझ्या अंगातल्या कुठल्या तरी जुन्या, आंधळ्या कोपऱ्याला ते वाचता येत नव्हते. मी आंघोळीनंतर हातांवर, पाठीवर चट्टे शोधू लागले. बाईंची पाठ वळली की त्यांच्या ओट्याशी माझा चहाचा कप उकळत्या पाण्यातून काढू लागले. मग चहाला जाणेच टाळले. उपास, पेपर, डोकेदुखी. गादीच्या त्या खुर्चीवर बसायची मला भीती वाटू लागली. बैठकीत गेलेच तर मी दाराशी उभी राहून बोलत असे. डोळे मिटूनच राहायचे असेल तर कविता फार उपयोगी पडते. मी त्या दिवसांत वर्गात करुणेवर फार सुंदर बोलले.

सहा आठवडे संपले आणि काळू दुर्बिणीला पुन्हा दिसू लागला. त्या सकाळी मी वरच्या जिन्यावरूनच विचारले, "परतला का?" बाई पडद्यासमोर बसल्या होत्या. "बघत्येय," एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही "बघत्येय". त्यांनी दार लोटून घेतले होते. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली. पडद्यावर जिथे टपोरा डाग असायला हवा होता तिथे एक लांबट, फिकट ओरखडा होता. ओल्या भिंतीवरून कोणी बोट ओढावे तसा.

"फुटला," बाई म्हणाल्या. "तिकडच्या एका पोरानं आज जाहीर केलं."

"तुम्हांला आज कळलं?"

"मला पहिल्याच चित्रात कळलं."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत? तुमचा धूमकेतू होता. खात्री नव्हती का?"

"खात्री होती." त्यांनी पडदा मिटला. "मला चार दिवस हवे होते. सांगितलं की तो फुटलेला होणार. तोवर नुसता माझ्याकडे होता."

बाहेर कोणाच्या तरी अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांचा आंबट वास येत होता. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. बाई उठल्या. खुर्चीपाशी गेल्या. या वेळी त्यांनी हात लावला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून त्या कष्टाने वाकल्या आणि आपला गाल त्या गादीवर टेकवला. पासष्टीची ती ताठ बाई, रिकाम्या खुर्चीच्या कुशीत गाल ठेवून, डोळे मिटून. मला तिथून पळून जावेसे वाटले.

"भिंतीइतकी थंड आहे," त्या तशाच अवस्थेत म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले. रोज बघत्येय. तू बसत नाहीस."

मी चौकटीवरचा रंग नखाने खरवडू लागले.

"कप उकळायची गरज नव्हती हो. तुझा कप मी केव्हाच वेगळा ठेवलाय. पुसायचं फडकंही वेगळं. नऊ महिने मी तुला माझ्या हातचं लोणचं वाढलं नाही, तुझ्या लक्षात आलं नाही इतकंच."

म्हणजे तो शब्द त्यांना पहिल्या चौकटीपासून माहीत होता. मी कप उकळण्याच्या कितीतरी आधीपासून ही बाई माझ्यासाठी घाबरत होती, आणि त्या भीतीलाही शिस्त लावून, घड्या घालून तिने कपाटात ठेवले होते. त्यांनी गाल उचलला, तशी मी जाऊन त्या खुर्चीवर बसले. धीट झाले होते असे मुळीच नाही.

"बाई, दुर्बीण स्वतःचं स्वतः तपासू शकते का?"

त्या उभ्या राहिल्या. "नाही. ओळखीचा तारा लागतो. ज्याची ऊब पक्की माहीत आहे असा."

"म्हणजे बाहेरचा."

"बाहेरचा."

"मग उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ."

बाईंनी बाह्या मनगटाशी ओढून घेतल्या. मग म्हणाल्या, "तिथे सगळं गाव असतं गो." हे वाक्य त्यांच्या तोंडी इतके लहान, इतके उघडे वाटले, की मला त्यांच्याकडे पाहवले नाही.

सरकारी दवाखान्यात फिनेलचा वास होता आणि बाकावर आमच्याच आळीतली दोन माणसे. एकाने विचारले, "काय बाई, इकडे कुठं?" "हिला खरूज झालीय," बाईंनी माझ्याकडे बोट केले. मी निमूटपणे मनगट खाजवले. तेवढी एकच गंमत त्या सकाळी घडली.

तपासणारी डॉक्टर माझ्याहून लहान होती. तिने बाही वर करायला सांगितले. कोपराच्या आतल्या अंगाची शीर तिने बोटांखाली फिरवली तेव्हा बाईंचा श्वास आत ओढला गेला. तिथे त्यांना दुखत होते. मग ती म्हणाली, "मावशी, डोळे मिटा. गरम की गार, तेवढं सांगा." तिच्याकडे पाण्याच्या दोन काचेच्या नळ्या होत्या, गरम पाण्याची पत्र्याच्या तबकात, गार पाण्याची लाकडी टेबलावर. ती एक उचले, बाईंच्या बोटांना लावे, कागदावर खूण करी.

"गरम," बाई म्हणाल्या. बरोबर. "गार." बरोबर. "गार. गरम. गार." सगळे बरोबर. डॉक्टरच्या कपाळावरची आठी सैल झाली. मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले, आणि लगेच मला ऐकू आले. उचलताना पत्र्यावर नळी किणकिणत होती आणि लाकडावर मुकी राहत होती. बाईंची मान दर वेळी किंचित त्या आवाजाकडे वळत होती. आयुष्यात ज्यांनी एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता, त्या बाई कानांनी चोरी करत होत्या. आणि मग एकदा, डॉक्टरची मान खाली असताना, नळी बोटाला टेकण्याआधीच त्या म्हणाल्या, "गार."

मी गप्प राहिले असते तर आम्ही दहा मिनिटांत घरी गेलो असतो.

"त्यांना कळत नाहीये," मी म्हणाले. "त्या आवाजावरून सांगतायत."

बाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे त्यांनी जसे पाहिले तसे त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. "चुगली केलीस," त्या म्हणाल्या.

डॉक्टरने दोन्ही नळ्या आपल्या एकाच मुठीत घेतल्या आणि पुन्हा डोळे मिटायला लावले. खोलीत पंख्याची घरघर सोडून आवाज नव्हता. करंगळीला नळी लागली. बाई थांबल्या. अनामिकेला लागली. त्यांच्या पापण्या थरथरत होत्या. पुन्हा करंगळी. पुन्हा अनामिका.

"कळत नाही," बाई म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, जणू कोणाला लिहून घ्यायला सांगावे तसे, "कळत नाही."

डॉक्टरने आजाराचे नाव सरळ घेतले. वर्षभर गोळ्या, शिरेची सूज उतरवायला आणखी एक गोळी. आजार नक्की जाईल. बोटांचे सांगता येत नाही. अनामिका अलीकडे गेली आहे, ती कदाचित परतेल. करंगळीला उशीर झाला आहे. आणखी उशीर केला असता तर हात वाकला असता. बाईंनी सगळे ऐकले आणि एकच विचारले, "ही माझ्या घरात राहते. हिचं काय?" डॉक्टरने मला पडद्यामागे नेऊन तपासले. काही नव्हते. मी बाहेर येऊन तसे सांगितले तेव्हा बाईंनी खांदे खाली सोडले. ते इतके दिवस वर ओढलेले होते हे मला तेव्हा दिसले. पहिली मात्रा तिथेच, समोर घ्यायची होती. गोळ्यांचे पाकीट त्यांच्या बोटांनी फुटेना. मी फोडले आणि गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

तीन आठवडे त्या माझ्याशी कामापुरते बोलल्या. नंतर गोळ्यांनी त्यांची कातडी काळवंडू लागली, आणि एका सकाळी आरशासमोरून त्यांनी हाक मारली, "ये, बघ. धूमकेतू होत्येय मी." मासेवालीने पायरीवर बसताना त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि बांगडा त्यांच्या त्याच हातात दिला. "आता शोभतंस गो माझी भैण! चल बाजारात बसायला." बाई हसल्या, आणि मग बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिल्या.

त्यांनी नवी वही केली. पण या वहीत लिहायचे मी. "माझा माझ्यावर विश्वास नाही," त्या म्हणाल्या. "आणि मधेच एखाद्या वेळी काहीच लावू नकोस. मला सांगूही नकोस. मी तेव्हाही काही म्हणाले, तर समज." दर रविवारी सकाळी ओट्याशी दोन वाट्या, एक ऊन पाण्याची, एक गार. वाटीचा तळ मी एकेका चौकटीला लावत असे. त्या डोळे मिटून बसत. महिनेच्या महिने मी "कळत नाही" लिहिले. चेहरा स्थिर ठेवायला मी शिकले.

आठव्या महिन्यात मला दुसऱ्या गावी बदलीचे पत्र आले. ते मी त्यांना अजून दाखवले नव्हते. त्या रविवारी मी ऊन वाटी अनामिकेच्या कडेला लावली, आणि बाई म्हणाल्या, "ऊन."

मी गार लावली. "गार." अंदाज असेल. दोनात एक बरोबर येतेच. मी पुन्हा गार लावली. "गार." मग मी दोन्ही वाट्या दूर धरल्या, श्वासही त्यांच्या हातावर जाऊ दिला नाही, आणि वाट पाहिली. त्यांच्या कपाळावर घाम जमला. खिडकीबाहेरून एक पक्षी ओरडून गेला. काहीतरी म्हणण्याचा मोह त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसत होता. आता जर त्या 'ऊन' म्हणाल्या, तर मागचे सगळे खोटे.

"आता तू काही लावलेलं नाहीस," बाई म्हणाल्या.

मी वहीत लिहिले. अक्षर वाकडे आले. बाईंनी डोळे उघडले नाहीत.

"आता करंगळी," त्या म्हणाल्या, आणि डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.